डोहाची बारी

मुलुंडच्या डोंगराला टेकून असलेल्या त्या वस्तीत पाण्याच्या बाबतीत राधा कुणाचीच नव्हती. जंगलातून उतरणाऱ्या ओढ्यावर लोकांनी बांध घातला होता. तिथून पाइपाने पाणी वस्तीत यायचं आणि पाइपाची चावी राधाच्या हातात. उन्हाळ्यात ओढ्याची धार बारीक झाली की घरोघरच्या बाऱ्या लागायच्या. मग सख्खी बहीण येऊन उभी राहिली तरी राधा तिला कळशीभर जास्त देत नसे. लोक तिला मागे शिव्या घालत आणि समोर चहा पाजत.

शेवटची बारी कुठल्याच घराची नव्हती. ती बांधाखालच्या डोहाची. त्या वेळी राधा पाइप बंद करायची आणि पाणी बांधावरून डोहात पडू द्यायची. डोहात बोटाएवढे मासे होते, शेपटीला शेंदराचा ठिपका असलेले. वस्ती त्यांना शेंदरे म्हणे. काही वर्षांपूर्वी जंगलाचे साहेब आले आणि म्हणाले, हा मासा आता या डोहापुरताच उरलाय, पाइप काढून टाका. वस्ती खवळली. बायका हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या. तेव्हा राधाचा नवरा सीताराम मध्ये पडला. गिरणी सुटल्यावर वॉचमनगिरी करत आयुष्य काढलेला अबोल माणूस, पण त्या दिवशी बोलला. डोहाला आपल्यातलंच एक घर समजा, त्याला एक बारी द्या, पाइप राहू दे. साहेबांनी मान्य केलं, वस्तीने केलं. शब्द सीतारामचा होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो राधाला एकच विचारायचा, "डोहाची बारी सोडलीस काय गो?"

यंदा होळीनंतर सीतारामला अर्धांगाचा झटका आला. अंथरुणातच सगळं. चादरी, गोधड्या, त्याचे कपडे, दिवसातून कितीदा धुवायचे याला सुमारच राहिला नाही. घरच्या बारीचं पाणी दुपारीच संपायचं. शेजारची जयंती आपल्या पाण्यातलं देत राहिली, पण तिच्याही घरात माणसं होती. एके दिवशी जयंतीच म्हणाली, "राधा, डोहाचं घे ना गं थोडे दिवस. तो काय भांडायला येणारे?"

राधाने घेतलं. तिच्या जिवावर आलं होतं, पण नवऱ्याच्या पाठीला जखमा होत होत्या आणि त्याला ओल्यात पडलेलं तिला बघवत नव्हतं. संध्याकाळी तो जड जिभेने विचारायचा आणि ती म्हणायची, "सोडली हो." उसनं घेतलंय, परत करीन, असं ती मनाशी घोकायची. त्या वस्तीत उसनं कुणी बुडवत नसे. वाटीभर साखर नेली तर शीग लावून परत यायची.

डोह झपाट्याने आटला. गुडघाभर पाण्यात शेंदरे एकमेकांना खेटून तोंडं वर करायला लागले तेव्हा राधा जयंतीच्या ओट्यावर बसून रडली. जयंतीचा मुलगा सम्यक टँकर चालवायचा. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "काकी, टेन्शन घेऊ नको. उद्या भरून टाकू तुझा डोह." दुसऱ्या दिवशी तो खरंच टँकर घेऊन आला. रस्ता संपतो तिथून डोहापर्यंत घराघरातले पाइप जोडले गेले. राधाला शिव्या घालणाऱ्या बायकाही पाइप धरून उभ्या होत्या. डोह काठोकाठ भरला, घेतलं होतं त्याहून जास्त. पाण्याला औषधाचा उग्र वास होता. तो वास राधाला फार बरा वाटला. वस्तीत कावीळ आली तेव्हा जंतू मरावेत म्हणून पाण्यात टाकायला दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्यांना हाच वास होता, आणि त्या पाण्याने पोरं वाचली होती. चांगलं पाणी म्हणजे त्या वासाचं, हेच सगळ्यांना ठाऊक होतं.

"डोह भरला," तिने घरी येऊन सांगितलं. कितीतरी दिवसांनी हे खरं होतं. सीताराम अर्ध्या तोंडाने हसला. "माका सकाळी डोहातला घोटभर पाणी आणून दी."

सकाळी ती तांब्या घेऊन गेली. शेंदरे सगळे वर आले होते, पांढरी पोटं करून, काठाला लागलेले. एकही हलत नव्हता. बऱ्याच वेळाने तिने मासे हाताने बाजूला केले आणि तांब्या बुडवला. नवऱ्याने मागितलं होतं, दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

चमच्याने तिने पाणी त्याच्या तोंडात सोडलं. त्याने ते गिळलं नाही. "ह्या पाण्याक औषधाचो वास येता," तो म्हणाला. मग तिने सगळं सांगितलं, चादरींपासून टँकरपर्यंत आणि मेलेल्या शेंदऱ्यांपर्यंत. त्याच्या तोंडातलं पाणी गालावरून उशीत गेलं.

"माझ्यासाठी घेतलंस," एवढंच तो म्हणाला आणि त्याने भिंतीकडे मान वळवली. रागावला असता तर तिला सोसलं असतं. त्या संध्याकाळी त्याने बारीचं विचारलं नाही. नंतरही कधीच नाही. राधा मात्र रोज बांधावर जाऊन डोहाची बारी सोडायची, वर घरच्या बारीतलंही थोडं पाणी त्यात घालायची, आणि येऊन न विचारता सांगायची. तो भिंतीकडे बघत पडलेला असायचा.

पावसाच्या तोंडावर तो गेला. दिवसकार्य आटोपलं तरी पाऊस आला नव्हता; वस्तीतल्या चार जणी आल्या. आता डोहात काही नाही, ती बारी घरांत वाटून टाकू, म्हणाल्या. जयंतीनेही हळूच विचारलं, "कोणासाठी सोडतेस गं आता?"

"उसनं घेतलं होतं," राधा म्हणाली. तिने चावी दिली नाही.

संध्याकाळी ती बांधावर गेली. पाइप बंद केला. माशांविना रिकाम्या डोहात पाणी पडायला लागलं. अंधारायच्या आत घरी आली, उंबऱ्यात चपला काढल्या आणि सवयीने म्हणाली, "सोडली हो बारी." मग ती तशीच उंबऱ्यात उभी राहिली.