उकळलेली पट्टी

मी एक जुनी पट्टी आहे. प्लास्टिकची, आरपार दिसणारी, बोटाएवढी लांब. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, गोडगोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा. माझा जन्म डॉक्टरच्या टेबलावर गेलाय आणि माझ्या जिभेवर साखर उरलेली नाही.

कारखान्यात आम्ही हजारो बहिणी एकाच साच्यातून निघालो. एकीची रेघ दुसरीपेक्षा केसभर इकडेतिकडे नाही. मला विकत घेतलं ते कातडीच्या एका मोठ्या डॉक्टरनं. मोठा म्हणजे केवढा? दारातून आधी त्याचा अहंकार आत यायचा, मग पोट, आणि चहा निवल्यावर तो स्वतः. पेशंटच्या अंगावरच्या डागाशेजारी मला ठेवायचा आणि फोटो काढायचा. डाग केवढा, ते मी सांगायचं. असे माझे कितीतरी फोटो डॉक्टरी मासिकांत छापून आले. खाली नाव त्याचं. माझं कुठ्ठं नाही!

एकदा मी त्याच्या हातून खाली पडले. दुसऱ्या कुणी फेकून नवी घेतली असती. या चिक्कू माणसानं मला चिमटे-कात्र्यांबरोबर उकळत्या पाण्यात टाकलं. पाणी असं तापलेलं, की शेजारची कात्रीसुद्धा 'आई गं' म्हणाली. पण ती लोखंडाची, तिचं काय जातंय? मी बाहेर आले ती आकसून. सगळ्या रेघा एकमेकींना चिकटायला आलेल्या. त्यानं मला झटकलं आणि खिशात टाकलं. वळून बघितलंसुद्धा नाही.

आता पट्टीच आकसली की समोरचं सगळं मोठं भरतं, एवढं तरी कळतं ना तुम्हाला? दहाची गाठ मी बाराची सांगायला लागले.

नेमकं तेव्हाच या महाशयांनी कातडीच्या कॅन्सरवर एक मलम काढलं. कापायला नको, टाके नकोत, नुसतं चोपडा! पहिली पेशंट म्हणजे पोहायला शिकवणारी एक बाई. सगळा जन्म उन्हात गेलेला. नाकाच्या कडेला मोत्यासारखी चकचकीत गाठ. मला शेजारी धरून तिचा फोटो काढला. मग एक दिवस मी त्याच्याच खुर्चीखाली आले, माझा कोपरा तुटला, आणि मला खणात भिरकावून त्यानं माझी सवत आणली. नवी कोरी, मापाला चोख. पुढचे फोटो सगळे तिच्याबरोबर.

"बघा, गाठ कमी झाली," डॉक्टर म्हणाला.

"मला तर आरशात वाढलेली दिसते," बाई म्हणाली. "टॉवेलला रक्त लागतं."

"आरसा कुठल्या कॉलेजात शिकलाय?"

"आणि तुमची पट्टी?"

"पट्टीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? मलम लावा आणि गप्प बसा!"

मला दात असते तर खणातून त्याच्या हाताला चावले असते. तिकडे गाठ आतल्या आत मुळं सोडत होती, आणि हा इकडे लेख लिहीत होता!

लेख गेला एका मासिकाकडे. तिथली संपादक कोण, तर डॉक्टरची सख्खी थोरली बहीण. दोघांचं लहानपणापासून विळ्या-भोपळ्याचं. एका दुपारी ती लेख हातात घेऊन तरातरा दवाखान्यात शिरली.

"घरचा लेख म्हणून दुसऱ्याकडे तपासायला द्यायला काढला, तर त्यात या बाईचे फोटो दिसले. काय रे, मलम नाकपुडीतपण घातलंस का?"

"काहीतरीच काय, ताई!"

"मग नाकपुडी कशी आटली? फोटोतल्या पट्टीवर मोजलीय मी. गाठ आटली एवढीशी, आणि नाकपुडी तिच्यापेक्षा जास्त. अजून थोडे दिवस चोपडलंस तर बाईला श्वास घ्यायला भोक उरायचं नाही!"

"तू पहिल्यापासून माझ्यावर जळतेस."

"जळायला तुझ्याकडे आहे काय? पहिल्या फोटोतली पट्टी काढ."

"टाकून दिली."

"तू? तू तुटकं रबरबँड टाकत नाहीस!"

तिनं खसकन खण ओढला. मला आणि सवतीला शेजारी झोपवलं, शून्याला शून्य जुळवलं. सवतीचा पाच जिथं, तिथं माझा सहा.

डॉक्टरचा चेहरा असा पडला, की फरशीवरून उचलून द्यावा लागला.

"म्हणजे गाठ..." तो पुटपुटला.

"वाढलीय. नाकपुडी होती तेवढीच, आणि गाठ तिच्याइतकी आटली नाही, म्हणजे वाढलीच. लेख गेला चुलीत. आधी त्या बाईला फोन लाव. माझ्यासमोर."

बाई आली. सर्जननं गाठ मुळासकट कापून काढली. "आणखी थांबला असतात तर अर्धी नाकपुडी गेली असती," तो म्हणाला. नाक वाचलं, कडेला एक आडवा व्रण राहिला.

टाके काढल्यावर डॉक्टर सवतीला घेऊन व्रण मोजायला वाकला. बाईनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"थांबा. आधी पट्टी मोजा."

आणि तो एवढा मोठा डॉक्टर, मित्रांनो, स्टीलची पट्टी मागवून निमूटपणे पट्टी मोजत बसला.

मी अजून त्याच्या टेबलावर आहे. ताईनं मला दोरीनं बांधून ठेवलंय, त्याला रोज दिसावी म्हणून. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही. तुमच्याकडे मात्र एक मागते. माझ्यासारखीला उकळलीत, तर निदान एकदा उलटून-पालटून बघा. आणि समोरचं माणूस 'रक्त येतंय' म्हणालं, तर पट्टी मोडली तरी चालेल, पण आधी त्याचं ऐका.