जमिनीवरची पंचवीस मिनिटं

सांडाकानहून आलेलं आमचं विमान कोटा किनाबालूला उतरलं, दारं उघडली. पंचवीस मिनिटांनी हेच विमान तावाउला निघायचं होतं आणि मधल्या रांगेतले एक आजोबा उठायला तयार नव्हते.

इथे थांबते. आधी पुआन हलिजांचं सांगायला हवं.

पुआन हलिजा, म्हणजे हलिजाबाई, या आमच्या कोटा किनाबालूच्या तळावरच्या केबिन-प्रमुख. आदल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं, चहा मागवला आणि तो गार होईपर्यंत बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मार्सेला, तुम्ही प्रवाशांशी बोलता तसं माझ्या एकाही मुलीला जमत नाही. पण तुमची केबिन उशिरा तयार होते. कायम होण्याआधीचा तुमचा परीक्षाकाळ या महिन्यात संपतोय. आणखी एकदा उशीर केबिनच्या नावावर लागला, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

मी मान हलवली. चहा प्यायले. गारच.

नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती, पण क्वालालंपूरला. समुद्रापलीकडे. जुन्या कंपनीत असताना मी वीस वर्षं तिकडेच राहिले आणि माझा नवरा रायनस इकडे, त्याच्या आईजवळ. सणाला भेटायचं, सण संपला की निघायचं. जुनी कंपनी बुडाली म्हणून मी इथे आले. लग्नानंतर नवऱ्याचं घोरणं सलग ऐकतेय ते आत्ता, केस पांढरे व्हायला लागल्यावर. मला ते सोडायचं नव्हतं. एवढंच.

जुनी कंपनी का बुडाली आणि ही का कमावते?

त्या संध्याकाळी जेवताना हाच विषय निघाला. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या इनाने, लिंबात मुरवलेली कच्ची मासळी वाढता वाढता निकाल दिला. "जेवायला घालत नाहीत, म्हणून पैसा उरतो."

"इना, भात असतो. विकत असतो," रायनस म्हणाला.

"तेच म्हणते. पाहुण्याला भात विकणाऱ्याचं कधी नुकसान झालंय?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू गं, वीस वर्षं आभाळात हिंडलीस, तुला झाडू मारायला उशीर होतो?"

होतो. जुन्या कंपनीत सफाईची माणसं वेगळी होती, जेवणाची वेगळी, फुलं लावणारीसुद्धा वेगळी. मी फक्त हात जोडून दारात उभी राहायची. विमानं पाच प्रकारची. एका प्रकारचा वैमानिक दुसऱ्यावर चालायचा नाही, एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसायचा नाही. इथे सगळी विमानं एकाच साच्यातली आणि केरकचरा आम्हीच उचलायचा.

रायनस याच कंपनीत. विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत खालचं सगळं तो सांभाळतो, आणि उशीर झाला तर तो कुणामुळे झाला हेही त्यालाच सांगावं लागतं. इंधन, सामान, केबिन, काहीतरी एक. जेव्हा जेव्हा तो 'केबिन' म्हणाला होता, तेव्हा तेव्हा घरी आल्यावर त्याने न बोलता सगळी भांडी घासली होती.

"एकदा दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतंस तर?" मी विचारलं.

"तर त्या पोराचा पगार कापला असता." काटा काढत तो म्हणाला, "मार्सी, उभं विमान खातं, उडतं विमान कमावतं. ते जाऊ दे. सकाळी आपण इथे रेंगाळलो की तो उशीर दिवसभर पुढे सरकत जातो. संध्याकाळी लहाद दातूच्या विमानतळावर कुणीतरी कडेवर पोर घेऊन बाकावर ताटकळतं. तुला समोरचा माणूस दिसतो. मला तो बाकावरचा दिसतो."

मला राग आला. कारण पटलं होतं.

तर आजोबा.

मांडीवर खारवलेल्या मासळीची पिशवी, दोन्ही हात तिच्यावर. बाकी विमान रिकामं. माझी सहकारी एल्विना पुढच्या रांगा झाडायला लागली होती.

"आकी, उतरायचंय ना?" मी विचारलं. आमच्याकडे आजोबांना आकी म्हणतात.

"मुलगी म्हणाली, चाकाची खुर्ची येईल. तोवर हलायचं नाही."

खुर्ची आधी सांगून ठेवावी लागते. मुलीने सांगितलं नव्हतं. जुन्या कंपनीत न सांगता आली असती.

"पाय दुखतात का?"

"पाय बरे आहेत. जिन्याची भीती वाटते. हे तिला सांगितलं नाही." मग हळूच, "तूही सांगू नकोस."

मी गुडघ्यावर बसले. त्यांच्या बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायला लागले. डोळ्यांसमोर मागच्या रांगा: भाताचे कागद, सांडलेला सरबताचा डाग, लोंबणारे पट्टे. प्रत्येक पट्टा जोडून आसनावर नीट आडवा ठेवायचा असतो. आकींना उतरवणं आणि रांगा आवरणं, दोन्ही कामं मीच करणार होते, नेहमीसारखी, आणि उशीर होणार होता, नेहमीसारखा.

वीस वर्षांत मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं, जरा हात लाव. तिथे तशी रीतच नव्हती. आपलं ते आपलं.

उठले. दारात गेले. खाली जिन्याच्या पायथ्याशी रायनस घड्याळाकडे बघत उभा. कामावर मी त्याला 'ग्राउंड' म्हणते, तो मला 'केबिन'.

"रायनस," मी म्हटलं, "वर ये. मला मदत हवीय."

त्याने मान वर केली. क्षणभर घड्याळ विसरला, हे मी बघितलं.

मग वैमानिकांच्या दारावर टकटक केली. कॅप्टन इस्कंदर बाहेर आले. खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या असलेला माणूस. "कॅप्टन... मागच्या सहा रांगा... कराल?"

"द्या कचऱ्याची पिशवी," ते म्हणाले. हातमोजे घालता घालता पुटपुटले, "बाकीच्या मुलींबरोबर रोज करतो. तुमच्या वेळी आत बसून राहतो."

"का?"

"तुम्ही मोठ्या कंपनीतल्या. तुमच्या केबिनला हात लावला तर अपमान वाटेल म्हणून."

पुढून एल्विना म्हणाली, "ताई, मी पण तुमच्या रांगांना हात लावत नव्हते. आधी माझ्या पुसायचे आणि उभी राहायचे. भीती वाटायची."

"माझी?"

"तुमच्या अंबाड्याची."

मी हसले, की रडले, ठाऊक नाही. आमच्या लोकांचं हे असंच. मानापोटी समोरच्याला बुडू देतील, पण विचारणार नाहीत. मी तरी कुठे विचारलं होतं.

रायनस वर आला. आकींकडे पाठ करून वाकला. "आकी, माझ्या खांद्यांवर हात ठेवा. मी पुढे एक पायरी, मग तुम्ही एक. मागे बघायचं नाही, खाली बघायचं नाही. माझ्या टकलाकडे बघायचं."

"टक्कल मोठं आहे," आकी म्हणाले आणि उठले.

मासळीची पिशवी मी रायनसच्या मनगटात अडकवली. ते दोघं एकेक पायरी उतरत होते तेव्हा मागे कॅप्टन सरबताचा डाग घासत होते. चुकीच्या फडक्याने. मी बरोबर फडकं दिलं.

विमान वेळेवर निघालं.

महिनाअखेरीला पुआन हलिजांनी मला कायम केलं. या वेळी चहा गरम असतानाच बोलल्या. "कसं जमवलंत?" मी म्हटलं, "मागितलं." त्यांना ते पुरेसं वाटलं नसावं, पण त्यांनी सही केली.

मागताना अजून जीभ अडखळते. काल खांदा दुखत होता. रायनसला म्हटलं, माझे केस विंचरून दे. त्याने आयुष्यात कुणाचे केस विंचरले नव्हते. प्रत्येक गुंत्याशी थांबून माफी मागत होता. बराच वेळ लागला. लागू दिला.