मेरुल देशाची बेरीज

“घट्ट धर गं, लई पाय झाडतंय,” मुंजाजी म्हणाले आणि मेलेल्या कोकराचं कातडं त्यांनी जिवंत कोकराच्या अंगावर ओढलं. कातड्याला पायांसाठी चार भोकं पाडलेली होती. त्यांच्या लेकीने, रोहिणीने, एकेक पाय त्यातून बाहेर काढला. धाकट्याचा सदरा थोरल्याला चढवावा तसं ते दिसत होतं.

जिवंत कोकरू पांढऱ्या तोंडाच्या मेंढीचं. ती विताना गेली. त्याच दिवशी दुसऱ्या मेंढीचं, काळीचं, कोकरू मेलेलंच जन्मलं. काळीला दूध होतं, पण परकं पिल्लू जवळ आलं की ती ढुशी मारायची. आता तिने कातड्याचा वास घेतला, पुन्हा घेतला, आणि गप उभी राहिली. कोकरू आचळाला लागलं.

“फसली,” रोहिणी म्हणाली.

“फसंना का. दोन दिस दूध पिऊ दे. मंग काढू कातडं.”

हात धुऊन रोहिणीने बाभळीखालचा लॅपटॉप उघडला. अंबाजोगाईला संख्याशास्त्रात पदवी घेतल्यापासून दीड वर्ष ती घरी होती. घर म्हणजे वडवणीच्या शिवारात कळप जिथे बसेल ते रान. पुण्याच्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीने नोकरीआधी चाचणी दिली होती. एक काल्पनिक देश रचायचा आणि त्यात कोणकोणते लोक राहतात ते आकड्यांत मांडायचं. तिने मेरुल रचला. डोंगरातले सावर एक्केचाळीस टक्के, नदीकाठचे खेव तीस, मिठागरांवरचे लोणक अठरा, दर्यापलीकडून आलेले तुरण अकरा. प्रत्येकाची भाषा वेगळी, पागोटं वेगळं. बेरीज बरोबर शंभर.

आज सकाळीच उत्तर आलं होतं. ‘आकडे नेटके आहेत. पण या देशात कोणी राहतं असं वाटत नाही. परवा दुपारपर्यंत सुधारून पाठवा. त्यानंतर निवड संपेल.’

मुंजाजींनी मागून वाकून पडद्यावरचा टक्केवारीचा रंगीत गोल पाहिला.

“कलिंगड कापलंय व्हय?”

“देश हाय आबा. ही मानसं हायत.”

तिने चारही फोडी समजावून सांगितल्या. मुंजाजींनी नीट ऐकून घेतलं.

“अन् ह्या निळ्यातली पोरगी त्या पिवळ्यात दिली तर?”

“तसा रकाना न्हाई.”

“मंग लेकरं कुठं घालतीस?”

“बापाच्या रंगात.”

तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकणाऱ्या तिच्या आईने, भामाबाईंनी, मान वर केली. “का? नऊ म्हैने बापानं वागवलं?”

मुंजाजी खोकल्यासारखं हसले. रोहिणी हसली नाही.  तिने तो गोल पुसून टाकला.

पुढच्या दोन दिवसांत तिने मेरुलमध्ये लग्नं लावली. तीन पिढ्यांची. मिठागरावर काम संपलं की लोणक नदीकाठी जात होते, त्यांची पोरं खेवांची गाणी म्हणत होती. एका तुरण म्हातारीला सावर शेजारणीने वाढवलं होतं. मग तिने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तू कोण? एकाहून अधिक उत्तरं चालतील.

बेरीज एकशे सदतीस टक्के आली.

तिने ती तीनदा तपासली. तपासणाऱ्याची पहिली नजर याच ओळीवर जाणार, हे तिला कळत होतं. एका सूत्राने सगळं दाबून पुन्हा शंभरात बसवता आलं असतं. तिने सूत्र लिहिलं, क्षणभर पाहिलं आणि खोडलं. तक्त्याखाली एक ओळ टाकली: ‘बेरीज चुकलेली नाही.’ आणि बारा वाजायच्या आत पाठवून दिलं.

“रोहिणे, ये. धर,” मुंजाजींची हाक आली.

कातडं वाळून आकसलं होतं. त्यांनी ते पोटाखालून कापलं आणि अलगद सोडवलं. खालून मूळचं कोकरू निघालं, पांढऱ्या तोंडाचं, अंगाने जरा भरलेलं. मुंजाजींनी कातडं मागे दूर फेकलं.

“सोड आता.”

रोहिणीने हात काढले. त्याच वेळी खिशातला फोन थरथरू लागला. एकदा थांबला, पुन्हा थरथरला.

“तुझाच हाय,” भामाबाई म्हणाल्या.

“थांब माय.”

काळीने कोकराला हुंगलं. डोकं खाली घातलं. एक पाऊल मागे सरकली. मुंजाजींनी काठी हातात घेतली, पण उचलली नाही. मेंढीने पुन्हा नाक लावलं, या वेळी बराच वेळ, शेपटाखाली, मग पाठीवर, जिथे आत्तापर्यंत दुसऱ्याचा वास होता.

कोकरू धडपडत तिच्या पोटाखाली शिरलं. थोड्या वेळाने त्याचं शेपूट भराभरा हलू लागलं.

रोहिणीने ओढणीला हात पुसले आणि फोन काढला. पुण्याचा नंबर होता.