समुद्राकडचं दार

किनाऱ्यावरच्या लुनासान गावातलं आमचं जुनं चर्च भूकंपात पडलं, तेव्हा आत राहिलेले वाचले आणि बाहेर धावलेले मेले. बाजूच्या जाडजूड भिंती प्रवाळाच्या दगडाच्या. स्पॅनिश पाद्र्यांच्या चाबकाखाली आमच्या पूर्वजांनी ओहोटीच्या वेळी समुद्रातून कापून आणलेले ते दगड. त्या भिंती उभ्या राहिल्या. पण दर्शनी भिंत त्यांना नीट बांधलेलीच नव्हती. ती अख्खी चौकात आडवी झाली. तिच्याखाली माझा थोरला भाऊ प्रिमितिवो सापडला.

त्याची बायको सिया. सगळं गाव तिला मानांग म्हणतं, म्हणजे थोरली बहीण. मीही तेच म्हणतो.

चर्च पुन्हा उभं करायला वर्षं लागली. दगड तेच, चुनाही तसाच. फक्त आत पोलादी सळ्या, वर हलकं छप्पर, आणि दर्शनी भिंत या वेळी बाजूच्या भिंतींत घट्ट गुंतवलेली. जुना गिलावा खरवडताना समुद्राकडच्या भिंतीत एक बुजवलेली कमान निघाली. पूर्वी चाचे येऊन माणसं पकडून नेत, त्या काळात कधीतरी ते दार चिणलं असावं.

"ते उघडा," मानांग सभेत म्हणाली.

गावप्रमुख कपितान एउसेबियो हसला. "चर्च आहे मानांग, सिनेमाचं थेटर नाही. मध्येच कोण उठून जाणार आहे?"

"जमीन हलली की तूच पहिला उठशील."

फादर नोनॉयनी तिची बाजू घेतली. दार उघडलं गेलं.

पहिल्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला, गाव लोटलं. चौकात डुकरं भाजत होती, वास आतपर्यंत येत होता. मानांग मुद्दाम मागे, दर्शनी भिंतीतल्या मोठ्या दाराजवळ बसली. मी तिच्या शेजारी. फादरांनी प्याला उचलला आणि पायाखालून घरघर आली. टांगलेले दिवे झुलायला लागले. कुणीतरी किंचाळलं, आणि सगळेच्या सगळे उठून मोठ्या दाराकडे धावले. सवयच ती.

मानांग आधी पोचली. तिनं दोन्ही फळ्या लोटल्या, अडसर घातला आणि पाठ लावून उभी राहिली.

"इकडून नाही! समुद्राच्या दारानं जा!"

"बाजूला हो, म्हातारे!" कपितान ओरडला. नात त्याच्या गळ्याला मिठी मारून रडत होती. "मारतेस का आम्हाला?"

"एउसेबियो, पोरीला तिकडून ने. पाया पडते तुझ्या."

मागून लोटालोट झाली. लुसिंग नावाची बाई बाकावर आपटली, तिचा हात विचित्र वळला. वाटलं, मानांगला ओढून बाजूला करावं. माणसं चिरडून मरतील इथे. मी तिचा दंड धरलाही. तिनं माझ्याकडे बघितलं. "तुझा भाऊ याच दारानं गेला रे," एवढंच म्हणाली.

मी दंड सोडला आणि तिच्या शेजारी अडसराला पाठ लावली. कपितानचा ठोसा माझ्या खांद्यावर बसला. मग फादरांचा आवाज आला, "इकडे! वाट मोकळी आहे!" कपितान वळला. बाकीचे त्याच्यामागे कमानीतून वाळूवर पडत-धडपडत बाहेर गेले.

हादरे थांबले. दर्शनी भिंतीचा एक दगडही हलला नव्हता.

"बघ!" कपितान वाळूवरून ओरडला. "काय पडलं? उगाच लोकांना कोंडलंस! वेड लागलंय तुला!"

मानांग ओढणी फाडून लुसिंगच्या हाताला बांधत होती. लुसिंगनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

इंजिनियर येऊन तपासून गेला. भिंत पक्की आहे, म्हणाला, पण धावायचं ते बाजूच्याच दारानं. पुढच्या रविवारी फादरांनी सगळ्यांकडून सराव करून घेतला. कपितान नातीला कडेवर घेऊन सर्वांत पुढे होता, तोंड वाकडं करून.

त्या दिवशी मानांगनं मला विचारलं, "चुकलं का रे माझं?"

खोटं बोलवेना. "लुसिंगचा हात मोडला, हे खरं."

"हो," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. माशाचं सार करून तिनं माझ्या हाती लुसिंगकडे पाठवलं. भांडं तसंच भरलेलं परत आलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पाठवलं. ते रिकामं आलं, घासून.