चौकोनी कंसातली भिंत

अक्काच्या पत्राला मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र उन्हाळ्यात आलं होतं आणि आता थंडी पडली होती. मधल्या काळात ते कोटाच्या आतल्या खिशात राहिलं. मास्तरांनी कोट बदलला की पत्रही कोट बदलायचं. घड्यांवर कागद विरला होता, पण वाचायची तशी गरजच उरली नव्हती. ते पाठ झालं होतं.

‘पुस्तक्या,’ अशी सुरुवात होती. भावाची साठी उलटली तरी अक्कानं हे नाव सोडलं नव्हतं. ‘फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि वेळ मारून नेतोस. कागदावर हं हं लिहायची तुलाही लाज वाटेल, म्हणून लिहिते आहे. मागची खोली गेली. भिंत आधी फुगली, मग एका भरतीला बसली. विहिरीचं पाणी खारं झालंय. तुझ्या पुस्तकांची कपाटं मी पुढच्या खोलीत ओढून आणलीत, म्हणून शिवणयंत्र दारात आलंय. येणारा-जाणारा त्याला ठेचकाळतो. सरकारी माणसं येऊन गेली. टेकडीवर जागा देतायत, पण नाव वर्षाअखेरीच्या आत द्यायचं. अर्धी आळी गेलीसुद्धा. मी म्हटलं, माझा भाऊ तिकडे मोठ्या लोकांत बसून आपल्या भिंतीचंच काम करतोय, त्याला विचारते. तर सांग. समुद्राला भिंत होणार की नाही? होणार असेल तर मागची खोली पुन्हा बांधते. नसेल तर जाते. तू सांगशील तसं.’

तू सांगशील तसं. घोडं तिथेच अडलं होतं.

मास्तर पूर्वी शाळेत भूगोल शिकवत. सरकारला परदेशी परिषदेसाठी हवामानावर चार पुस्तकं वाचलेला माणूस हवा होता आणि त्यांनी चाळीस वाचली होती. तेव्हापासून ते दरवर्षी येत होते. सभेत बोलायची वेळ आली की अजूनही त्यांच्या तळहाताला घाम सुटे. बोलून झालं की आपण भलतंच काही बोललो असं वाटे, आणि न बोलता उठलं की त्याहून वाईट वाटे. मोठ्या देशांची शंभर-शंभर माणसं असत. यांच्या देशाची दोनच: एक मास्तर आणि दुसऱ्या वकीलबाई. एकाच वेळी चार खोल्यांत चर्चा चाले, तेव्हा वकीलबाई म्हणत, “मास्तर, दोन खोल्या तुम्ही सांभाळा, दोन मी सांभाळते. आणि जमलं तर मधेच जेवा.”

इथल्या कामाची एक रीत होती. ठरावाच्या मसुद्यात जे सगळ्यांना मान्य नसेल ते चौकोनी कंसात जाई. कंस निघाला तर मजकूर पक्का. नाही निघाला तर तो पुढच्या वर्षी जाई, नाहीतर खोडला जाई. बुडत्या किनाऱ्यांवर भिंती बांधायला श्रीमंत देश मदत ‘देतील’, असं गरीब देशांनी लिहिलं होतं. शेजारच्या कंसात श्रीमंत देशांचं होतं: ‘देण्याचा विचार करतील.’ ही दोन वाक्यं सहा वर्षं शेजारी राहत होती, भांडणाऱ्या बिऱ्हाडांसारखी.

परिषदेच्या शेवटच्या दुपारी भिंतींच्या या परिच्छेदाची छोटी बैठक भरली. खिडकी नसलेली खोली, अंड्याच्या आकाराचं टेबल, प्रत्येकासमोर देशाची पाटी आणि पाण्याचा पेला. समोर श्रीमंत देशांच्या वतीनं बोलणारा उंच माणूस बसला होता. वकीलबाईंनी त्याचं नाव ‘तत्त्वतः’ ठेवलं होतं, कारण त्याला प्रत्येक गोष्ट तत्त्वतः मान्य असे. माणूस वाईट नव्हता. मास्तर खोकले तर पाण्याचा पेला सरकवी. फक्त कंस काही सोडीत नसे.

“आपली भावना आम्हाला तत्त्वतः मान्य आहे,” तो म्हणाला. “पण आकडा आणि मुदत आली की आमचे हात बांधलेले असतात. त्यापेक्षा हा परिच्छेद या वर्षी वगळूनच टाकला तर?”

“वगळायचा?” मास्तरांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. “त्या किनाऱ्यावर अजून माणसं राहतात. ती राहणार आहेत. म्हणून भिंत हवी. माणसंच नसती तर आम्ही कशाला मागितली असती?”

अध्यक्षांनी दहा मिनिटांची सुट्टी दिली.

त्या सुट्टीत मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि पाठकोऱ्या मसुद्यावर अक्काला लिहू लागले. हे ते रोजच करत. दोन ओळी होत आणि घोडं परत अडे. वकीलबाई कॉफीचे दोन कागदी पेले घेऊन आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या.

“मास्तर, हा कुठला परिच्छेद? माझ्याकडे नाही आला.”

मास्तरांनी कागद झाकायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. वकीलबाईंनी मोठ्यानं वाचलं, “‘प्रिय अक्का, तू टेकडीवर,’ मग कंस, ‘जा’, कंस पुरा, पुन्हा कंस, ‘एवढ्यात जाऊ नकोस’, कंस पुरा…” त्या हसायला लागल्या. “अहो, बहीण आहे की उपकलम? सख्ख्या बहिणीला कंसात घातलंत?”

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. खरंच कंस होते, चांगले सरळ, पट्टीनं काढल्यासारखे. हाताला सवय लागली होती. आपण असं लिहिलंय हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून वकीलबाईंचं हसू ओसरलं. पेला त्यांच्या हातात देऊन त्या शेजारी बसल्या.

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून.” मास्तरांनी खिशातलं पत्र त्यांना दिलं. त्यांनी ते वाचलं आणि विरलेल्या घड्यांवर जपून दुमडून परत दिलं.

“मग कळवत का नाही?”

“काय कळवू? आत्ताच आत सांगून आलो, माणसं राहणार आहेत म्हणून भिंत हवी. आणि बाहेर येऊन स्वतःच्या बहिणीला लिहू, की ऊठ? भिंत मागणाऱ्याचंच घर रिकामं झालं तर आत कुठल्या तोंडानं बसू? ज्यांनी जागा सोडली त्यांच्यासाठी कुणी भिंत बांधेल?”

“म्हणजे तुमचा मुद्दा टिकावा म्हणून अक्कांनी तिथे टिकायचं?”

मास्तरांनी पेला गुडघ्यावर टेकवला.

“भांडायचं काम आपलं आहे, मास्तर. पगार आपण घेतो, कॉफी आपण पितो. त्यांच्या तर दारात शिवणयंत्र आहे.” मग त्या जराशा नरमल्या. “रागावू नका. माझं तोंड फटकळ आहे. चला, घंटा झाली.”

दुसऱ्या सत्रात मास्तर नेहमीपेक्षा जास्त बोलले. बहुधा आयुष्यात प्रथमच त्यांनी अध्यक्षांना मधे थांबवलं. परिच्छेद वगळू देणार नाही, या एकाच वाक्याला ते चिकटून बसले. तळहाताचा घाम पाटीवर उमटला. शेवटी तत्त्वतः थकला आणि तोड निघाली. परिच्छेद वगळायचा नाही. दोन्ही वाक्यं आहेत तशी, कंसांसकट, पुढच्या वर्षीच्या परिषदेकडे पाठवायची.

संध्याकाळी मोठ्या सभागृहात तेच वाचून दाखवण्यात आलं. “आक्षेप दिसत नाही,” असं म्हणून अध्यक्षांनी हातोडा आपटला. टाळ्या वाजल्या. इतर बेटांचे आणि किनाऱ्यांचे लोक येऊन मास्तरांचा हात हातात घेऊ लागले.

“जिंकलो की हो, मास्तर!” वकीलबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. “पुसून टाकणार होते. तुम्ही वाचवलंत.”

मास्तरांनी मान हलवली. वाचवलं होतं हे खरंच. कंसातली भिंत आणखी वर्षभर कंसात उभी राहणार होती. आणि ती उभी आहे म्हणून अक्का आणखी वर्षभर खाली थांबणार होती, कारण तिच्या भावानं तिला थांबवलं होतं, काही न कळवता.

सभागृह रिकामं होत होतं. कामगार खुर्च्या एकात एक घालत होते. तत्त्वतः आपल्या टेबलाशी वाकून संगणकाच्या तारा गुंडाळत होता. मास्तर त्याच्याजवळ गेले. ओळख नसलेल्या माणसाशीच काय, ओळख असलेल्या माणसाशीही आपण होऊन बोलायला सुरुवात करणं त्यांना जड जाई. पण ते गेले.

“एक विचारू? कामाचं नाही.”

“विचारा की.”

“त्या किनाऱ्यावर तुमची बहीण राहत असती तर तुम्ही तिला काय कळवलं असतं?”

तो माणूस तारेचं भेंडोळं हातात धरून उभा राहिला. आता तत्त्वतः काहीतरी येईल असं मास्तरांना वाटलं. ते आलं नाही.

“निघ म्हणून कळवलं असतं,” तो म्हणाला. “आजच.”

“मग आत हे का नाही म्हणालात?”

“आत मला बहीण नसते.” त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात टाकलं आणि जरा वेळानं हळूच विचारलं, “तुमची आहे?”

“आहे. थोरली.”

त्यानं हात पुढे केला. तो हातात घ्यायचा की नाही हे मास्तरांना सुचेना. मग त्यांनी घेतला. हात गार होता आणि थकलेला.

तळमजल्यावर परिषदेपुरतं मांडलेलं टपालाचं टेबल अजून उघडं होतं. वर्ष सरायला अजून महिना होता, आणि फोनवर आपण पुन्हा हं हं करू हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी कोरा कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्याच लिहिलं.

‘अक्का, एवढ्यात भिंत होणार नाही. कधी होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं गप्प बसलो, हे चुकलं. मागची खोली बांधू नकोस. टेकडीवर आजच नाव दे. मी इथे भिंतीसाठी भांडत राहीन, पण त्यासाठी तू तिथे असायची गरज नाही. आधी शिवणयंत्र ने. कपाटं राहू देत. पुस्तकं मी वाचलेली आहेत. तुझा, पुस्तक्या.’

लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं. ‘आजच’ हा शब्द त्यांना जास्त जोराचा वाटला. ‘शक्यतो लवकर’ लिहावं का? त्यांनी पेन उचललं, शब्दावर धरलं आणि टोपण लावून खिशात ठेवलं.

“परिषदेचं खास तिकीट आहे, लावू?” टेबलामागच्या बाईनं विचारलं. “निळं. लाटेचं चित्र आहे.”

“साधं द्या,” मास्तर म्हणाले. “वेळेवर पोचणारं.”

“तिकिटानं नाही हो पोचत लवकर.”

“मग साधंच.”

त्यांनी तिकीट स्वतःच ओलं करून चिकटवलं, अंगठ्यानं दाबून चारही कोपरे बसवले आणि पाकीट पेटीच्या तोंडाशी धरलं. जिन्यावरून वकीलबाई हाक मारत होत्या, “मास्तर, गाडी आली!” त्यांनी “आलो” म्हटलं आणि पत्र सोडलं.