तिसऱ्या नकाराची झांज

"बाबा, मान खाली!"

हन्नानं सुकाणू रेटलं आणि शिडाचा दांडा दानीएलच्या डोक्यावरून सणकन पलीकडे गेला. होडीनं शर्यतीच्या खुणेच्या लाल पिंपाला वळसा घातला. त्यानं दोरी ओढून धरली आणि पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. कीर्तनात ती त्याच्या मागे झांज घेऊन उभी राही, त्याच्या नुसत्या श्वासावरून पुढचं पद ओळखी. आज भंडारदऱ्याच्या पाण्यावर तो तिचा साथीदार झाला होता.

"आता रतनगडाकडनं वारा येईल. मागं झुका. अजून! उपदेश करताना पुढं झुकता, तसं आता मागं झुका की!"

"बुवाला शिकवतीस व्हय गं?"

"आज बुवा मी हाय."

साहेबलोकांच्या होड्या राखण्यात दानीएलची अकरा वर्षं गेली होती. संध्याकाळी होड्या धक्क्याला आणता आणता पोर वारा शिकली. कधी, ते त्यालाही कळलं नव्हतं. यंदा मिशनच्या मडमसाहेबांनी आईबाप आणि लेकरांच्या जोड्यांची शर्यत ठेवली. चौथी होडी रिकामी राहत होती, म्हणून ती या दोघांना मिळाली. वर मडमसाहेब हन्नाला म्हणाल्या होत्या, "तू स्वतः सुकाणू धरून जिंकलीस, तर नगरला बोर्डिंगात घालीन. शिक्षिका होईपर्यंतचा खर्च माझा." सातवी पास झालेली, आईवेगळी पोर वर्षभर चुलीपुढे बसली होती. मडमसाहेबांचा तो शब्द मिळाल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

वीस हात मागे धरणाचे इंजिनिअर साहेब आणि त्यांचा मुलगा होते. साहेब मुलावर खेकसत, आणि जितकं खेकसत तितकी त्यांची होडी अडखळे. हन्ना ओठ मिटून शिडाकडे बघत राहिली. शेवटचं पिंप मागे पडलं तेव्हा काठावरून टाळ्या ऐकू आल्या. पण काठाकडे फुगलेलं शीड होतं. त्यामागं कोण कुठं बसलंय, ते तिथून दिसत नव्हतं.

धक्क्यावर इब्राहिम मुकादम दानीएलच्या कानाशी लागला.

"जिंकलास बुवा. पन जपून. साहेब पोरीकडनं हरले असं कॅम्पात गेलं, तर तुझ्या नोकरीचं काय खरं न्हाई."

मडमसाहेब कागद-पेन्सिल घेऊन आल्या. "सुकाणू कुणाकडे होतं?"

हन्नानं उजवा तळवा पुढे केला. सुकाणूच्या दांड्यानं तो सोलवटून लाल झाला होता. ती बापाकडे बघून हसली. आता त्यानं सांगायचं होतं.

तेवढ्यात साहेब टॉवेलनं तोंड पुसत आले. सारी शर्यत ते यांच्या मागेच होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी दानीएलच्या खांद्यावर हात ठेवला.

"सुकाणूवर तूच होतास. हो ना, दानीएल?"

हात अगदी हलका होता.

"व्हय साहेब," दानीएल म्हणाला. "मीच हुतो."

मडमसाहेबांनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. हन्नानं मूठ मिटली.

घरी निघाले तेव्हा बक्षिसाचा चांदीचा पेला त्याच्या काखेत होता.

"हन्ने, पुढल्या साली..."

"चला बाबा. कीर्तनाला मंडळी जमली असतील."

उत्तम शुक्रवार, येशूच्या क्रूसाचा दिवस, चार दिवसांवर आला होता. ख्रिस्ती कामगारांच्या चाळीपुढे सतरंजी पसरली होती. दानीएलनं उधळ्या पुत्राचं आख्यान मनात योजलं होतं, पण पहिल्या रांगेतून म्हातारी रंगुबाई ओरडली, "पेत्राचं लावा बुवा! या दिसांत दुसरं काय?"

पेत्राचं आख्यान लावावं ते दानीएलनंच. प्रभूला धरून नेलंय, अंगणात शेकोटी पेटलीय, आणि मरेपर्यंत साथ देईन म्हणणारा शिष्य पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. तिसऱ्या नकारावर दानीएल थांबे. मागून हन्ना झांजेचा एकच ठोका देई. कोंबडा आरवल्यासारखा तो ठोका काळजात जाई, आणि बाया तिथंच डोळ्यांना पदर लावत.

त्यानं चिपळ्या उचलल्या. पाठीमागे हन्ना उभी होती.

"दासी म्हणाली, तूपण त्याच्यासंगं हुतास ना?" त्यानं चिपळ्या वाजवल्या. "आन् पेत्र म्हणाला... न्हाई."

मागून झांज वाजली. एकदाच.

"चुकली गं पोर," रंगुबाई शेजारणीला म्हणाली. "अजून दोन नकार बाकी हायती."

दानीएलनं मागे वळून पाहिलं नाही. मंडळी पुढच्या पदाची वाट बघत होती, आणि त्याच्या हातातल्या चिपळ्या हलत नव्हत्या.