दाताळ्याचं लग्न

गोकुळनं दाढी भादरली, मिशी तेवढी ठेवली, अन् तिसऱ्या लग्नासाठी फेटा उचलला.

त्याची बायको प्रेरणा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं हिरव्या शालूच्या निऱ्या घालत होती. तोंडात पिना होत्या, म्हणून तिनं नुसत्या भुवया उडवल्या. हा नवरदेव कोण्या गावचा, असा त्याचा अर्थ.

"दाताळ्याचा," गोकुळ म्हणाला. "शेतकऱ्याचा पोरगा. जरासा लाजरा."

प्रेरणानं पिना काढल्या. "मंग मिशी बारीक करा अजून. लाजऱ्या मान्साची मिशी अशी रायते काय?"

त्यानं मिशी बारीक केली. कॅमेरा तिपाईवर लावला, बटण दाबलं अन् पळाला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता, तेवढ्यात त्याले पडद्यापुढं पोचून, फेटा सरळ करून, जन्माचा जोडीदार भेटल्यासारखं हसायचं होतं. पहिल्या लग्नात तो पोचायच्या आधीच फोटो निघाला होता. त्यात प्रेरणा बाजूच्या मोकळ्या जागेकडं पाहून लाजली होती. तिच्या तोंडावर तेवढं समाधान पुढच्या कोणत्याच फोटोत आलं नाही.

लग्नावर लग्न लावायची ही पाळी आली, कारण मलकापुरात गोकुळचं दुकान नवं होतं. हात काही नवा नव्हता. दुसऱ्याच्या हाताखाली राहून, नवरा-नवरीच्या डोक्यावर उजेडाची छत्री धरून धरून त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा वीतभर लांब झाला होता. सदरा शिवताना टेलरले दोन बाह्यांची दोन मापं घ्यावी लागत. पण दुकानात आलेलं गिऱ्हाईक टेकलं की पहिलं विचारे, तुमी काढलेल्या लग्नाचा अल्बम दाखवा. अल्बमाबिगर लग्न भेटत नव्हतं अन् लग्नाबिगर अल्बम होत नव्हता. हा सीझन असाच गेला, तर पुन्हा छत्री धरावी लागणार होती. जुन्या मालकानं तर भर मांडवात सांगून ठेवलं होतं, की छत्री तुह्यासाठी कोपऱ्यात उभी आहे, तिले कोणी हात लावला नाही.

खोटे नवरा-नवरी उभे करावे म्हणून गोकुळनं आधी गल्लीत विचारून पाह्यलं. हरिओमच्या आईचं म्हणणं पडलं, की पोराले एकदा बाशिंग बांधलं अन् लग्न लागलंच नाही, तर देवाले वाटते इथलं काम झालं, अन् तो पुढच्या घरी निघून जाते. वैष्णवीच्या आईनं तर दारच लोटलं. नवरीच्या कपड्यात पोरीचा फोटो निघाला, की बस सुटायच्या आधी तो मोबाइलवरून बुलढाण्याले पोचते; मंग पाह्याले येणारे पाहुणे विचारतात, हिचं तर झालं ना मागंच?

राह्यली घरची बायको. प्रेरणा तयार झाली, पण दुसऱ्या कोणाच्या बाजूले ती उभी राहणार नव्हती, फोटोपुरती बी नाही. म्हणून सगळे नवरदेव गोकुळलेच व्हावं लागलं. अन् भादरलेली दाढी काही सकाळची संध्याकाळी येत नाही, म्हणून लग्नं दाढीच्या हिशोबानं लागली. आधी भरगच्च दाढीचा, मंग कोरलेल्या दाढीचा, मंग मिशीवाला. प्रेरणानं दर लग्नाले नथ बदलली, भांग बदलला, एकदा चष्माही लावला.

शेरवान्या अन् फेटे कय्यूमभाईंचे. ते नवरदेवाचे कपडे भाड्यानं देत, अन् गच्चीही त्याईचीच. त्याईची अट एवढीच होती, की शेरवानी फोटोत पूर्ण दिसली पाहिजे, बटणासकट. नवरदेव दिसो का न दिसो. मिशीही उतरली अन् गोकुळचं तोंड उघडं पडलं, तेव्हा तोड त्याईनंच काढली.

"सेहरा बांध," कय्यूमभाई म्हणाले. "फूल ही फूल. अंदर कौन है, उसके अब्बा को भी नहीं समजता."

असं बोराखेडीचंही एक लग्न झालं. अल्बम भरला. जाड पुठ्ठा, वर सोनेरी वेल. आतले सगळे नवरदेव धापा टाकत होते, पण लग्नात तेवढं चालते.

तो अल्बम पहिल्यांदा उघडला उंद्रीच्या पंजाबरावांसमोर. पंजाबराव म्हणजे मोठी शेती, कडक इस्त्री, अन् ओळखी एवढ्या, की मलकापूरच्या फलाटावर गाडी आली की डायव्हर आधी त्याईले रामराम करे अन् मंग सिग्नल पाहे, असं ते स्वतःच सांगत. त्याईच्या पोरीचं, सुचिताचं, सासर मलकापूरचं. लग्नही इथंच ठरलं होतं. घरच्या बाया बस्ता बांधायले कापडाच्या दुकानात बसल्या होत्या. तिथं साड्या पाहून पाहून डोकं चढलं म्हणून पंजाबराव आपल्या आईले, तानुबाईले, घेऊन फोटोवाल्याकडं आले. तानुबाईचे दात गेले होते, नजर मात्र सुईत दोरा ओवायची.

गोकुळनं प्रेरणाले मागच्या सैपाकघरात बसवलं अन् दार ओढून घेतलं. काही झालं तरी बाहेर यायचं नाही, असं सांगतलं. पंजाबरावांनी बसल्या बसल्या आपला कायदा सांगून टाकला: ज्यानं आपल्या मान्सात काम केलं, त्यालेच काम. परका फोटोवाला मांडवात नको. एवढं मोठं लग्न हाती आलं, तर पुढची चार आपोआप येणार होती. गेलं, तर ती छत्री होतीच.

गोकुळनं उजेडाबद्दल, कागदाबद्दल, मागच्या पडद्याबद्दल बोलायची सगळी तयारी केली होती. पंजाबरावांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्याईनं पहिलं पान उघडलं अन् नवरीच्या कपाळावर बोट ठेवलं.

"ही कोनाची?"

चारी लग्नं लावताना गोकुळले हे एकदाही सुचलं नव्हतं. इकडं फोटो पाह्यचा म्हणजे आधी माणूस कोणाचं ते पाह्यचं, हे त्याले पाळण्यापासून माहीत होतं, अन् तरी त्यानं नवऱ्यांना नथा दिल्या, चष्मे दिले, बाप द्यायचा विसरला.

"वडनेर भोलजीची," तो म्हणाला. "पुंजाजीची नात."

पुंजाजी त्याच्या तोंडातून आत्ताच जन्मला होता. पंजाबरावांनी डोळे मिटले, उघडले.

"हाव. पुंजाजी. एक डोळा बारीक. त्याच्या हिरीवर मोटर बसवाले मीच गेलतो."

आपल्या पुंजाजीचा एक डोळा बारीक आहे, हे गोकुळले असं कळलं. पुढच्या पानावर कोरलेल्या दाढीचा नवरदेव त्यानं जांभुळधाब्याचा सांगतला, तर पंजाबरावांनी त्याच्या मामाचं नाव काढलं, मामाच्या बैलाचा रंग काढला, अन् मामी भांडखोर होती हेही सांगून टाकलं. बोराखेडीच्या सेहऱ्यातला नवरदेव तर फुलाआडून त्याईनं चालीवरून ओळखला. फोटोत तो उभा होता, तरी. गोकुळचा जीव आधी भांड्यात पडला अन् मंग हळूहळू पुन्हा वर यायले लागला, कारण त्यानं लावलेल्या लग्नाची माहिती आता त्याच्यापेक्षा गिऱ्हाईकालेच जास्त होती.

तानुबाईले तहान लागली. गोकुळ उठायच्या आत ती उठली, दार लोटून आत गेली. पाणी प्याले लागते त्यापेक्षा जराक जास्तच वेळ आत राह्यली. बाहेर आली तेव्हा पदरानं तोंड पुसत होती, अन् पुसून झाल्यावरही पदर तोंडावरच होता. तिनं अल्बम आपल्या मांडीवर ओढून घेतला अन् एकेक पान अशी पाहू लागली, जसा काही घरी पंचमीचा झोका बांधलाय.

"आजकालच्या पोरी मेकपनं साऱ्या एकसारख्या दिसतात, नाई रे?"

"हाव आजी," गोकुळ म्हणाला.

"हनवटीवरचा तीळ बी एकाच जागी काढतात."

"फॅशन आहे आजी ते."

तानुबाईनं मान हलवली, जशी ती फॅशन तिले फार दिवसांपासून माहीत होती. मंग तिनं दाताळ्याचं पान काढून पोरापुढं धरलं. हे लग्न कोणाचं, हे तिनं गोकुळले नाही, पंजाबरावांनाच विचारलं. दाताळा ऐकल्याबरोबर पंजाबराव सरसावून बसले. ह्या लग्नाले तर ते स्वतः हजर होते. पंगतीत पहिल्याच ओळीत होते. वरण-बट्टी बरी होती, पण वांग्याची भाजी एवढी तिखट, की त्याईले ताटावरून उठावं लागलं. त्या लग्नाचं घरी काहून बोलला नाही, असं तानुबाईनं विचारलं, तर तिचे गुडघे दुखत होते म्हणून सांगतलं नाही, असं उत्तर आलं.

"अन् नवरी?" तानुबाईनं विचारलं. "पाह्यली होती तू?"

"पाह्यली म्हंजे? माह्या हातानं आहेर देल्ला तिले. आता तू बसली ना, एवढ्या अंतरावर उभी होती."

तानुबाईनं अल्बम मिटला. मागच्या दाराकडं तोंड केलं.

"प्रेरणा, चहा आन व बाई."

गोकुळ पंख्याकडं पाहू लागला. पंखा फिरत होता, त्याले कशाचं काही नव्हतं. दार उघडलं. डोक्यावर पदर, हातात कपाचा ट्रे, हनवटीवर तीळ. वडनेर भोलजीची, जांभुळधाब्याची, दाताळ्याची अन् बोराखेडीची, साऱ्या नवऱ्या एकदम खोलीत आल्या.

पंजाबरावांनी तिच्याकडं पाह्यलं. मंग अल्बम उघडून दाताळ्याचं पान पाह्यलं. मंग पुन्हा तिच्याकडं. तानुबाई दोघांच्या मधोमध बसली होती अन् तिले कोणतीच घाई नव्हती. गोकुळचा उजवा हात आपोआप जरासा वर उचलल्या गेला, छत्री धरल्यासारखा.

प्रेरणानं कप पंजाबरावांच्या पुढं केला.

"काकाजी, दाताळ्यात तुमी पंगतीतून उठले तवा मले लय वाईट वाटलं," ती म्हणाली. "भाजी तिखटच झालती. घ्या. चहा गोड केला."

पंजाबरावांनी कप घेतला, पण तोंडाले लावला नाही. ह्या बाईले खोटी म्हणावं, तर दाताळ्याच्या पंगतीत बसलेला मग कोण होता, असा सवाल येत होता. अन् आई शेजारीच बसली होती. त्याईनं एक घोट घेतला. दुसरा घेतला.

"तिखट होती," ते म्हणाले. "पन चव होती."

"हाव," प्रेरणा म्हणाली.

पंजाबरावांची नजर गोकुळवर आली अन् तिथंच थांबली.

"नवरदेवाले मिशी होती तवा."

"काढली, काकाजी."

"बरं केलं," पंजाबराव म्हणाले, अन् बशी खाली ठेवता ठेवता सुचिताच्या लग्नाची तारीख सांगतली. हळदीपासून यायचं, पोरीच्या पाठवणीपर्यंत थांबायचं, अन् पाहुण्यात बसूनच जेवायचं, कारण माणूस आपल्यातलाच निघाला. तानुबाईनं उठताना प्रेरणाचा आधार घेतला. अजून किती लग्नं कराची बाकी आहेत, असं तिनं तिच्या कानात विचारलं, अन् पायरी उतरेपर्यंत एकटीच हसत राह्यली.

सुचिताच्या लग्नाचे फोटो चांगले आले. पण गोकुळचं नाव झालं ते त्या फोटोंनी नाही. पंजाबराव जातील तिथं दाताळ्याचं लग्न सांगू लागले. बस स्टँडवर सांगतलं, कापसाच्या जिनिंगमध्ये सांगतलं, दुसऱ्याच्या मांडवात बसून सांगतलं. उंद्रीहून निघताना त्या लग्नात एक घोडा होता; चिखलीले पोचेपर्यंत दोन झाले. मोताळ्यात घोडे नाचले. मलकापुरात ते लग्न परत आलं तेव्हा वांग्याची भाजी एवढी तिखट झाली होती, की वऱ्हाडातल्या एका बहिऱ्या म्हाताऱ्याले ऐकू यायले लागलं होतं.

मंग एका दुपारी नरवेलच्या सिंधूताई अन् त्याईचे मालक जोडीनं दुकानात आले. पोराचं लग्न काढलं होतं. त्याईनं आधी अल्बम मांगतला, अन् अल्बमात थेट दाताळ्याचं पान. दोघं त्या पानावर असे वाकले, की डोक्याले डोकं लागलं. सिंधूताईनं फोटोचा कोपरान् कोपरा बोटानं चाचपला. मालक चष्मा काढून पाहत, लावून पाहत.

"आमी होतो या लग्नात," शेवटी मालक म्हणाले. त्याईच्या बोलण्यात राग नव्हता, पण वाईट वाटलेलं दिसत होतं. "नवरीच्या बरोबर मांगंच उभे होतो. अन् फोटोत आमीच नाई."

प्रेरणा आत गहू निवडत होती. ती सूप खाली ठेवून बाहेर आली, भिंतीवरचा पडदा ओढून सरळ केला अन् कॅमेऱ्यावरचं फडकं काढून गोकुळच्या हातात दिलं.

"या, असे इथं उभे राहा," ती म्हणाली. "तिथं उभे होते, तसेच."

मालकांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. सिंधूताई पदर नीट करत पडद्यापुढं गेल्या अन् उभ्या राहता राहता प्रेरणाकडं वळून पाहू लागल्या, बराच वेळ.

"तू बी होती ना व तिथं? पाह्यल्यासारखी वाटते."

"होती ना काकू," प्रेरणा म्हणाली, अन् त्याईच्या खांद्यावरचा पदर पुढं ओढला. "पन जेवाले टाइम नाई भेटला."